लेकराच्या श्रद्धेची पहिली सहा वर्षे : किनाऱ्यावरच्या नव्या आईवडिलांसाठी

बाप्तिस्म्याचा समारंभ आटोपतो, पाहुणे जेवून जातात, मुंबईची मंडळी रात्रीची गाडी पकडतात, आणि पांढऱ्या झबल्यातले बाळ पाळण्यात निजल्यावर नव्या आईवडिलांना प्रश्न पडतो की आता पुढे काय करायचे. धर्मशिक्षणाचा वर्ग सुरू व्हायला अजून पाच-सहा वर्षे असतात आणि तोवर करण्यासारखे काही नाही, असा सर्वसाधारण समज आहे. सिंधुदुर्गातल्या एका किनाऱ्यालगतच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, मी बरीच वर्षे लहान मुलांचा हा वर्ग घेत आले आहे. माझा अनुभव असा, की देव प्रेमळ आहे की खाष्ट, प्रार्थना ही हवीशी वेळ आहे की शिक्षा, याची समजूत मूल वर्गात येण्यापूर्वीच घरी पक्की करून आलेले असते. आम्ही शिक्षक तिला फक्त शब्द पुरवतो.

पुढचे मार्गदर्शन कॅथलिक घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. प्रोटेस्टंट मंडळींपैकी काहींत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो, तर काहींत बाळाचे समर्पण करून बाप्तिस्मा मोठेपणावर सोपवतात; पण घरात रोज करायच्या गोष्टींत त्याने विशेष फरक पडत नाही.

पहिली पायरी : धर्मपिता आणि धर्ममाता

१९८३च्या धर्मविधिसंहितेनुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार, बाळाचा बाप्तिस्मा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत करून घ्यावा, असे आईवडिलांवर बंधन आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारे ते धर्मपिता आणि धर्ममाता; यांपैकी एकच व्यक्ती असली तरी चालते. मात्र ती सर्वसाधारणपणे सोळा वर्षे पूर्ण झालेली, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेली, श्रद्धेला साजेसे आयुष्य जगणारी असावी लागते आणि ती बाळाची आई किंवा वडील असू शकत नाही. एवढे नियम पाळले की कागदोपत्री काम भागते.

प्रत्यक्षात आपल्याकडे ही निवड नात्यातला मान राखण्यासाठी होते. मुंबईतल्या काकांना धर्मपिता केले जाते, ते सोन्याची साखळी घालतात आणि पुढे नाताळात व मे महिन्यात चाकरमानी म्हणून चार दिवस येतात, तेव्हा मुलाच्या गालाला चिमटा काढतात. काकांचा मान अवश्य राखावा, पण दोघांपैकी निदान एक जण वाडीतला असावा, ज्याच्या पडवीत मूल रांगत जाऊ शकेल आणि ज्याला प्रार्थना करताना ते सहज पाहू शकेल. शेजारची एखादी अविवाहित आत्या या कामाला पुष्कळदा सर्वांत योग्य ठरते.

दुसरी पायरी : एक कोपरा आणि एक वेळ

घरात अल्तार, म्हणजे प्रार्थनेची जागा, आधीपासून असेल तर तो बहुधा मोठ्या माणसांच्या उंचीवर, फळीवर असतो. त्याच्या खाली, मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत, आणखी एक छोटी जागा करावी. तिथे एक लाकडी क्रूस, मरियेचे किंवा मेंढपाळ येशूचे एक चित्र आणि फुले ठेवायला एक वाटी एवढे पुरे. या जागेवरच्या वस्तू मुलाने हाताळाव्यात अशीच अपेक्षा असल्याने काचेची फ्रेम आणि मातीची मूर्ती इथे नको. मेणबत्तीसाठी मी करवंटीत ओली वाळू भरून घेते. मेणबत्ती कलंडली तरी वाळूतच विझते.

वेळ तिन्हीसांजेची धरावी. सकाळी स्वयंपाक, डबे, मासळीचा बाजार आणि शाळेची गाडी यांतून कोणालाच उसंत नसते. नव्याने सुरुवात करायची असेल तर पावसाळ्यात करावी, असे मी आवर्जून सांगते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे समुद्रावर जाणारे बाप संध्याकाळी घरी असतात. एरवी प्रार्थना ही आई आणि आजीचीच बाब आहे, अशी मुलाची समजूत होते. त्यात आपली वीज कधी जाईल याचा नेम नसतो. काळोखात बापाने काडी ओढून मेणबत्ती लावली, भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या हलू लागल्या आणि कौलांवर पावसाचा आवाज सुरू असताना घरातली माणसे हळू आवाजात प्रार्थना म्हणू लागली, की दीड वर्षाचे मूलसुद्धा गप्प होऊन ज्योतीकडे बघत बसते. त्या वेळी त्याला काही शिकवू नये.

किती वेळ बसायचे, हाही प्रश्न येतो. दोन वर्षांच्या आत एक मिनिट, चार वर्षांपर्यंत तीन-चार मिनिटे. घरात पूर्ण जपमाळ होत असेल तर पहिल्या दशकापर्यंत, म्हणजे पहिल्या दहा मण्यांपर्यंत, मुलाला मांडीवर घ्यावे आणि मग खेळायला सोडावे. मोठी माणसे पुढे जपत राहतील, मूल मधूनच येऊन टेकेल, पुन्हा जाईल. ज्या घरात पाचही दशके मुलाला गुडघ्यांवर बसवून ठेवले जाते, तिथले मूल मोठेपणी जपमाळेचे नाव काढले की गुडघे आठवते.

तिसरी पायरी : शब्दांच्या आधी स्पर्श

बोलायला लागण्यापूर्वी मुलाला कळते ते हाताने आणि अंगाने. रात्री निजवताना आई किंवा बापाने अंगठ्याने बाळाच्या कपाळावर क्रुसाची लहान खूण करावी. बाप्तिस्म्याच्या विधीत फादर, आईवडील आणि धर्मपालक हेच करतात. घरी फक्त ते रोज होते. काही महिन्यांत मूल स्वतःच कपाळ पुढे करू लागते. आणखी काही दिवसांनी ते तुमच्या कपाळाला बोट लावू पाहील, तेव्हा खाली वाकावे. स्वतःवर क्रुसाची खूण करायला ते तीन वर्षांच्या आसपास शिकते. तेव्हा त्याच्यासमोर तोंड करून न बसता शेजारी बसून दाखवावे, नाहीतर ते आरशातल्यासारखे उलटे, उजव्या खांद्याकडून डाव्या खांद्याकडे हात नेते. तसे नेले तरी लगेच हात धरून दुरुस्त करू नये, महिन्याभरात त्याचे त्याला जमते.

चौथी पायरी : भाषा

आपल्या किनाऱ्यावर हा विषय गुंतागुंतीचा आहे. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या पुष्कळ घरांत आजी कोकणीत प्रार्थना करते, आई मराठीत, अंगणात मालवणी चालते आणि शाळा इंग्रजी असते. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत घरची बोलीच पोर्तुगीज वळणाची आहे, तर वसईत सामवेदी बोलणारी घरे आहेत. कोणत्या भाषेत सुरुवात करावी? ज्या भाषेत आई मुलाला निजवते आणि ज्या भाषेत ते पडल्यावर रडते, त्या भाषेत. प्रभूची प्रार्थना पुढे चर्चच्या मराठीत शिकता येते, पण ‘येशू, माझ्या पप्पांक सांबाळ’ हे वाक्य तिच्याही आधी यायला हवे. आजीची कोकणी प्रार्थना मुलाला कळत नसली तरी ती कानावर पडू द्यावी. तिच्या लयीला अर्थाची गरज नसते.

पाठांतराची घाई करू नये, हे मी स्वतःची फजिती करून घेऊन शिकले. एका नाताळच्या कार्यक्रमासाठी मी साडेचार वर्षांच्या एका मुलाकडून संपूर्ण प्रेषितांचा विश्वासांगीकार पाठ करून घेतला होता. त्याने तो न अडखळता म्हटला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी फुशारले. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारले, की ते पंत कोण आणि ते आपल्या शाळेवर आहेत का. विश्वासांगीकारात येणाऱ्या रोमन सुभेदाराचे ‘पंतय पिलात’ हे नाव त्याने गावातल्या कुठल्याशा पंतांच्या पंगतीत बसवले होते. त्यानंतर मी पाच वर्षांखालच्या कोणाकडूनही दोन ओळींपेक्षा जास्त काही पाठ करून घेतलेले नाही.

त्याऐवजी गाणे घ्यावे. फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जाणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१चा. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग आणि भजनांच्या चालीत आणली. इथल्या मुलाच्या हाताला पियानोपेक्षा टाळ आधी लागतात. एक ओळ, दोन टाळ आणि मोठ्यांचा सूर एवढ्यावर तीन वर्षांचे मूल पंधरा मिनिटे रमते आणि तीच ओळ मग न्हाणीत, झोपाळ्यावर, माडाच्या बुंध्याशी खेळताना गुणगुणत राहते.

पाचवी पायरी : गोष्टी, आणि त्या सांगताना घ्यायची काळजी

शुभवर्तमानांतल्या बऱ्याच गोष्टी पाण्याच्या काठावर घडतात, हे आपल्यासारख्यांचे भाग्य म्हणायचे. गालीलचा समुद्र म्हणजे डोंगरांनी वेढलेले गोड्या पाण्याचे सरोवर. तिथेही होड्या, जाळी, रिकामी रात्र आणि अचानक उठणारा वारा हे सगळे आहे. पुस्तकातल्या रंगीत चित्रांऐवजी शिंपल्या, नारळाच्या पोयीची (फुलोऱ्यावरच्या सुकलेल्या वेष्टनाची) होडी, जुन्या जाळ्याचा तुकडा, भाताचा पेंढा यांनी गोष्ट मांडावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीच्या किनाऱ्यावर बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा परिसरातल्या वस्तूंनाच शिक्षणाचे साहित्य केले होते. ते काम धर्मशिक्षणाचे नव्हते, पण लहान मूल हातातल्या वस्तूतून विचार करते, हे आपण तिथूनही घ्यावे. मोबाइलवरची बायबलची कार्टूने मी वर्ज्य म्हणत नाही. फक्त ती बघून झाल्यावर मूल येशूविषयी बोलत नाही, आणखी एक व्हिडिओ मागते.

पहिली गोष्ट न्याहारीची घ्यावी. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात शिष्य रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हातांनी परतत असतात, काठावरून कोणीतरी त्यांना उजवीकडे जाळे टाकायला सांगतो आणि ते इतके भरते की ओढता ओढवत नाही; मोजले तर १५३ मोठे मासे निघतात. काठावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, बाजूला भाकरी, आणि येशू म्हणतो, या, न्याहारी करा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना पाहिलेल्या आणि रिकाम्या हातांनी घरी आलेल्या बापाचा चेहरा ओळखणाऱ्या मुलाला यात काहीही समजावून सांगावे लागत नाही. दोन वर्षांच्या मुलाला एवढेच सांगावे, की सगळे दमले होते, त्यांना भूक लागली होती आणि येशूने मासे भाजून ठेवले होते.

दुसरी गोष्ट हरवलेल्या नाण्याची. मेंढराच्या गोष्टीत ती झाकली जाते, पण कोकणातल्या मुलाने मेंढरू बहुधा नाताळच्या गोठ्यातच, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातच, पाहिलेले असते आणि शंभरातून एक वजा करणे त्याच्या आवाक्यातले नसते. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या बाईकडे दहाच नाणी आहेत, त्यांतले एक हरवते, ती दिवा लावते आणि घर झाडते. ही गोष्ट सांगू नये, करावी. मुलाबरोबर दहा नाणी मोजावीत, एक पाटाखाली सरकवून द्यावे, मेणबत्ती लावावी आणि माडाच्या हिरांची केरसुणी मुलाच्या हातात द्यावी. नाणे सापडल्यावर त्या बाईने शेजारणींना बोलावले होते, तेव्हा शेजारच्या काकूंना हाक मारून गुळखोबरे वाटावे. माझ्या वर्गातली एक मुलगी सलग अकरा दिवस घर झाडत होती, असे तिच्या आईने सांगितले. तक्रार करत होती की कौतुक, ते मला कळले नाही.

मूल तीन वर्षांचे झाल्यावर पाच भाकरी आणि दोन माशांची गोष्ट येते, कारण तिथे देणारा एक मुलगाच आहे. ती भाकरी जवाची होती, तांदळाची नव्हती, एवढे सांगून टाकावे. जव म्हणजे काय, हा प्रश्न येणारच आणि तो चांगला प्रश्न आहे.

गोष्ट संपल्यावर ‘यावरून आपण काय शिकलो?’ असे विचारू नये. त्या प्रश्नाने मुलाला कळते, की गोष्ट हे औषध होते आणि गूळ वरवरचा होता. तुम्हाला स्वतःला कोणता भाग आवडला तो सांगावा आणि थांबावे. मूल काही बोलले तर ऐकावे, न बोलता होडी घेऊन खेळू लागले तर खेळू द्यावे.

वादळ शांत केल्याची गोष्ट मुलांना फार आवडते. मार्क सांगतो, की येशू वरामाकडे, म्हणजे होडीच्या मागच्या टोकाला, उशी घेऊन निजला होता. नाळ (पुढचे टोक) आणि वराम ओळखणारी आपली मुले लगेच त्याला होडीत बरोबर जागी निजवतात. मीही ती वर्षानुवर्षे रंगवून सांगत असे. एका जून महिन्यात गोष्ट संपली आणि पाच वर्षांचा एक मुलगा हातातली पोय तशीच धरून मला म्हणाला, ‘मगे येशू काकाच्या होडयेत नाय व्हतो?’ आदल्या वर्षी त्याच्या काकाची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली होती आणि काका परत आला नव्हता. मला ते ठाऊक नव्हते. मी घाईघाईने काहीतरी बोलून दुसरा खेळ काढला आणि तो मुलगा पुढचे दोन रविवार वर्गात आला नाही.

तेव्हापासून मी ही गोष्ट वेगळी सांगते. येशू होडीत असला म्हणजे होडी बुडत नाही, असे वचन मुलाला देत नाही, कारण ते वचन समुद्र मोडतो आणि मुलाला वाटते की येशूने मोडले. शिष्य घाबरले, त्यांनी त्याला हाक मारली आणि तो उठला, इतकेच सांगते. मुलाने असा प्रश्न विचारलाच, तर खरे उत्तर द्यावे : होडी का उलटली हे मलाही कळत नाही, काका एकटा नव्हता, येशू त्याच्याजवळ होता आणि आताही आहे, असे आपण मानतो, मलाही त्याची आठवण येते. यानंतर मूल रडले तर जवळ घ्यावे. ‘देवाला काका आवडला म्हणून त्याने नेला’ हे मात्र कोणालाही बोलू देऊ नये. आवडत्या माणसांना नेणाऱ्या देवापासून मूल लपू पाहते.

सहावी पायरी : धाक नको

जेवला नाहीस तर येशू रागावेल, खोटे बोललीस तर देव जीभ कापील, ही वाक्ये आपण सवयीने बोलतो, कारण आपल्यालाही ती ऐकवली गेली होती. मूल ताळ्यावर आणायचे असेल तर आपल्या नावावर आणावे, देवाच्या नावावर नाही. लोक बाळांना येशूकडे आणत होते तेव्हा दटावले गेले ते शिष्य, बाळे नव्हेत.

क्रूसावरच्या मरणाविषयी मुले लवकर विचारतात, कारण क्रूस घरातच असतो. खिळ्यांचे आणि रक्ताचे वर्णन टाळावे, पण गोष्ट शुक्रवारी थांबवू नये : वाईट माणसांनी येशूला मारले, त्याच्या आईला फार दुःख झाले, आणि देवाने त्याला पुन्हा उठवले, हे तिन्ही एका दमात सांगावे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्याविषयीही असेच. आपल्याच किनाऱ्यावरचा एक मुलगा जहाजाने जपानपर्यंत गेला, एवढे या वयाला पुरे. १५९७मध्ये नागासाकीत त्यांना क्रुसावर मारले गेले, ते दहाव्या वर्षी कळले तरी चालेल.

सातवी पायरी : रविवारची मिस्सा

मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मुलाला घेऊन शेवटच्या बाकावर बसू नये. तिथून त्याला फक्त पाठी दिसतात. पुढे, कडेच्या बाकावर बसावे, म्हणजे वेदी दिसते आणि रडू आले तर पटकन बाहेरही पडता येते. मिस्सेआधी दहा मिनिटे लवकर जाऊन मुलाला दारातल्या पवित्र पाण्यात बोट बुडवू द्यावे, मूर्तींची ओळख करून द्यावी, घंटा कुठे आहे ते दाखवावे. पोट भरलेले असावे. प्रवचनाच्या वेळी त्याला अंगणात नेले तर पाप लागत नाही. फक्त अर्पणाच्या वेळी परत आणावे, कारण त्या वेळी बघण्यासारखे काही घडत असते. मागे वळून डोळे वटारणाऱ्या मंडळींकडे हसून बघावे. त्यांची मुले रडत होती, त्याला फार वर्षे झाली आहेत.

आठवी पायरी : वर्षाचे चक्र

लहान मुलाला तारीख कळत नाही, पण फराळ, फुले आणि वास यांवरून सण कळतो. आगमनकाळाच्या चार रविवारी चार मेणबत्त्या एकेक करून लावाव्यात. नाताळच्या दहा-बारा दिवस आधी करवंटीत नाचणी पेरायला लावावी. गोठ्यापुढचे हिरवे रान तिचे तयार होते. १२२३मध्ये संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो इथे पहिला गोठा मांडला तोही लोकांना तो प्रसंग डोळ्यांनी दिसावा म्हणून, तेव्हा आपला गोठा वाडीच्या स्पर्धेसाठी नसून मुलाने मेंढरे हलवावीत म्हणून आहे, हे बापांनी लक्षात ठेवावे. चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी असावी आणि मुलाने तीत रोज पेंढ्याची एक काडी ठेवावी. काही घरांत प्रत्येक चांगल्या कामाला एक काडी असा हिशेब असतो. मला तो पटत नाही. बाळाला थंडी वाजू नये म्हणून काडी ठेवायची, एवढे कारण मुलाला पुरते.

झावळ्यांच्या रविवारी आणलेल्या पात्यांचा क्रूस विणून कोपऱ्यात ठेवावा. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारआधी तोच सुकलेला क्रूस चर्चमध्ये जाळायला देताना मुलाला बरोबर न्यावे. वाडीतल्या क्रुसापुढे लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, होते तेव्हा मूल चण्यांसाठी येते हे खरे आहे, आणि त्यात काही बिघडत नाही.

शेजारी गणपती येतो, तेव्हा मुलाला घेऊन जावे, मोदक खाऊ द्यावा. ‘आपण त्याची आरती का करत नाही’ असे त्याने विचारले तर ‘आपण येशूची प्रार्थना करतो, ते गणपतीची करतात’ इतके साधे उत्तर द्यावे. शेजाऱ्याच्या देवाला नावे ठेवून आपल्या मुलाची श्रद्धा वाढत नाही, शेजार मात्र तुटतो.

नववी पायरी : मूल वर्गाच्या स्वाधीन करताना

साधारण सातव्या वर्षी मुलाला समज येते असे चर्च मानते, आणि १९१०मध्ये पोप दहावे पायस यांनी पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे (मिस्सेतली पवित्र भाकरी पहिल्यांदा घेण्याचे) वयही त्याच सुमाराला आणले. त्याआधी मूल धर्मशिक्षणाच्या वर्गात येऊ लागेल. पहिल्या रविवारी त्याला दारात सोडून निघून जाऊ नका. शिक्षकाला एका कागदावर चार गोष्टी लिहून द्या : मूल घरी कोणत्या भाषेत प्रार्थना करते, त्याला कोणती गोष्ट सर्वांत आवडते, घरातले कोण समुद्रावर जाते, आणि कोण गेलेले आहे. त्या जूनमध्ये असा कागद माझ्या हाती असता, तर मी वादळाची गोष्ट त्या दिवशी बाजूला ठेवून न्याहारीची सांगितली असती.